सर्वांना एकच दर

३ नोव्हेंबर १९५४, घाटकोपर

विमलाबाईंनी पाळणाघराचा दर सांगितला आणि मी उठून उभाच राहिलो. आमच्या मंडळाच्या पाळणाघरापेक्षा दुपटीहून जास्त! दोन्ही पाळणाघरं एकाच वस्तीत, मध्ये फक्त रस्ता. दूध एकाच गोठ्यातलं. खोल्यांचं भाडंही जवळजवळ सारखं. मग वरचे पैसे जातात कुठे?

सुहासिनीने डोळ्यांनीच मला गप्प केलं आणि नीलाला त्यांच्या हातात दिलं. पोर आठ महिन्यांची. टेलिफोन कचेरीतली वाढवून घेतलेली रजा काल संपली. आता एप्रिलपर्यंत फार खाडे झाले नाहीत तर सुहासिनी कायम होईल. आई गावाहून यायला तयार नाही – सुनेने घरात बसावं, हा तिचा हट्ट. बाईने स्वतः मिळवावं हे मी इतक्या सभांतून गर्जून सांगितलं, ते माझ्या घरात तरी खरं व्हायला हवं.

६ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर दोन्ही पाळणाघरं पाहून आलो. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हा माझा नियम.

विमलाबाईंकडे नुसता गोंधळ. एक पोर टाहो फोडतंय, दुसरं दुपट्यासकट सरपटत दाराशी आलंय. तीन बाया कामाला. एक मुलाला खांद्यावर घेऊन येरझारा घालतेय, एक भिंतीशी बसून कसलीशी गाणी म्हणतेय. इतक्या थोड्या मुलांना तीन बाया! हीच ती उधळपट्टी.

रस्ता ओलांडून मंडळाच्या पाळणाघरात गेलो. मुलं कितीतरी जास्त, आणि सांभाळायला एकटी मालन. मूळची मालवणकडची, नवरा गिरणीतून सुटलेला. सगळी मुलं चटयांवर ओळीने झोपलेली. माशीचा आवाज ऐकू यावा अशी शांतता. मालन तांदूळ निवडत होती. म्हटलं, “मालनबाई, ही शिस्त तुम्ही लावलीत कशी?” ती हसली. “सवय लागता, मास्तर.”

अशा बाईचा सत्कार व्हायला हवा.

७ नोव्हेंबर

सुहासिनीला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, “दुपारची झोप सगळ्यांची एकदम कशी लागते हो?”

“व्यवस्था,” मी म्हटलं.

“तुम्ही एक दिवस नीलाला एकट्याने सांभाळा, मग व्यवस्थेवर बोला.”

चांगला टोला होता. मी हसून घेतला, आणि तेवढ्यावरच सोडून दिला.

१४ नोव्हेंबर, रविवार

सभा फारच रंगली. मैदान भरलेलं, कारखान्यांतल्या बायका मुलांना कडेवर घेऊन उभ्या. खोल्या, दूध, भाडं – सगळा हिशेब मांडला आणि विचारलं, “रडणाऱ्या मुलाला जास्त दर आणि झोपणाऱ्या मुलाला कमी, हा कुठला न्याय? बाळाच्या आसवांवर हा व्यापार चाललाय!” टाळ्या थांबेनात. ‘सर्वांना एकच दर’ असा ठराव झाला. विमलाबाईंनी मंडळाच्या दराने मुलं घ्यावीत, नाहीतर वस्तीने आपली मुलं काढून घ्यावीत.

विमलाबाई मागे उभ्या होत्या. भाऊने – आमच्या मंडळाच्या चिटणीसाने – त्यांना “बोलायचंय का?” म्हणून विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मला ती कबुलीच वाटली.

घरी येताना भाऊ म्हणाला, “तोफ आहेस रे तू, मार्तंडा. बाईची वाट लागली.”

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१७ नोव्हेंबर

नीलाला मालनकडे हलवलं. भाषण मी करायचं आणि माझी मुलगी महागड्या ठिकाणी, हे शोभत नाही. सुहासिनीला ते पटलेलं नाही. “वादात मी तुमच्याशी कधी जिंकलेय?” एवढंच म्हणाली.

२५ नोव्हेंबर

विमलाबाईंचं पाळणाघर बंद. निम्मी मुलं गेल्यावर तीन बायांचा पगार निघेना. आज वाटेत समोरासमोर आल्या. मी नमस्कार केला.

“भाषण छान झालं,” म्हणाल्या. “फक्त एक राहिलं. पैसे कुठे जातात ते तुम्ही सगळ्या गावाला विचारलंत, मला नाही विचारलंत.”

मी एका इंग्रजी पुस्तकातलं वाक्य ऐकवलं. त्यांनी ते पुरतं ऐकून घेतलं आणि गेल्या.

२९ नोव्हेंबर

नीला फार शहाणी झाली आहे. घरी आल्यावरही झोपते. तीन पुस्तकं वाचून झाली.

२ डिसेंबर

सुहासिनी म्हणते, नीला दूध ओढत नाही, बोट धरत नाही. मी म्हटलं, दात येत असतील.

६ डिसेंबर

संध्याकाळी नीलाला आणलं ती जागी होईना. हलवलं, तोंडावर पाणी मारलं. ओठ निळसर. सुहासिनी तिला छातीशी धरून स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे धावली, मी मागून. डॉक्टरांनी पापणी उचलून बाहुली पाहिली, टाचणीच्या डोक्याएवढी झालेली, आणि विचारलं, “बाळगोळी कोण देतं?”

मला शब्दच कळला नाही. सुहासिनीला कळला. तिने माझ्याकडे पाहिलं.

अफू. मुलं झोपावीत म्हणून द्यायची अफूची गोळी.

डॉक्टरांनी औषध दिलं, पाय चोळायला लावले, झोपू देऊ नका म्हणाले. बऱ्याच वेळाने नीलाने तोंड वाकडं केलं आणि रडली. इतका सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. आणि ह्याच आवाजाला मी गोंधळ म्हटलं होतं.

७ डिसेंबर

मालनकडे गेलो तो तिला फाडून खायलाच. तिने ऐकून घेतलं. लपवलं काहीच नाही.

“एकटी मी, इतकी पोरां. गोळी नाय दिली तर काय करतलंय? एकाक घेतलंय तर दुसरा रडता. आमच्या आवशीनय आमका दिल्यान, आम्ही मेलंव काय?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “तुमच्या चेडवाक जास्ती गेली असात. माझो हात चुकलो. पण मास्तर, ह्या पैशात दुसरी बाई खंयसून आणू?”

आलो तसा परत फिरलो. आयुष्यात पहिल्यांदा!

दुधाचा हिशेब मी केला, भाड्याचा केला. मूल रडलं की त्याला उचलणारे हात लागतात आणि त्या हातांना पगार लागतो – तेवढाच हिशेब राहिला. विमलाबाईंचे वरचे पैसे त्या तीन बायांच्या येरझाऱ्यांत जात होते. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहून उधळपट्टी म्हटलं होतं.

९ डिसेंबर

सुहासिनीचा तिसरा खाडा. मी रजा मागितली, हेडमास्तरांनी दिली नाही. “मूल आजारी? मग घरात आई नाही का?”

१२ डिसेंबर, रविवार

सभा मीच बोलावली. चूक कबूल केली, सगळी. म्हटलं, दर वाढवा, तीन बाया ठेवा, गोळी बंद करा. कुणीच टाळी वाजवली नाही.

साबणाच्या कारखान्यातली सुगंधा पुढे आली. तिची दोन मुलं मालनकडे. “मास्तर, गोळीचं आम्हाला ठाऊक आहे. रात्री आम्हीपण देतो, सकाळी सहाला उठायचं असतं. जास्तीचे पैसे कोण देणार, तुम्ही? आणि तुम्हीच बोललात ना, बाळाच्या आसवांवर व्यापार म्हणून? झकास बोललात. माझ्या पोरीला पाठ आहे ते.”

बायका हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते. माझंच वाक्य, माझ्यापेक्षा सुरेख म्हणून दाखवलं तिने. ते मला परत घेता येईना. भाऊ कानाशी म्हणाला, “पुरे यार, बस आता.” मी बसलो.

१३ डिसेंबर

विमलाबाईंकडे गेलो. पुन्हा सुरू करा म्हणून हात जोडणार होतो. खोल्या एका शिंप्याला दिल्या आहेत. तिघींपैकी दोघी कुठे गेल्या त्यांना माहीत नाही. चहा दिला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“नीला कशी आहे?” विचारलं.

“रडते,” मी म्हटलं.

“मग बरी आहे.”

१५ डिसेंबर

आज शाळेतून लवकर निघालो. ठरवून टाकलं होतं: एप्रिलपर्यंत बिनपगारी घरी मी बसणार, हेडमास्तरांनी काढून टाकलं तरी चालेल. जिना चढतानाच वाक्यं जुळवत होतो. सुहासिनीने पुरतं ऐकलं. मग म्हणाली, “मी सोमवारीच नोकरी सोडून आले. तुम्ही विमलाबाईंकडे गेला होतात तेव्हा.”