‘घेतलं, झोपला!’चा प्रबंध

२ खोर्दाद
चौथं प्रकरण परत! माझे मार्गदर्शक डॉक्टर दस्तवार म्हणाले, “मेहरअंगीज खानम, वाक्यं पुस्तकी आहेत. जिवंत तोंडातली आणा.” खोर्दाद महिना संपेपर्यंत प्रबंधावर त्यांची सही नाही झाली तर माझी नोंदणी रद्द!

विषय काय, तर आम्ही फारसीत म्हणतो — ‘त्यानं घेतलं, झोपला’. घेतलं काय? काहीच नाही, नुसता झोपला! क्रियापदं दोन, काम एक. शीराजमधलं शेंबडं पोरही असं बोलतं. सिद्ध मात्र मी करायचं.

५ खोर्दाद
जिवंत तोंड घरातच आहे — आई! पण रेकॉर्ड करायला फोन समोर ठेवला तर बाई बातम्या वाचल्यासारख्या बोलायला लागल्या. शेवटी फोन भाजीच्या टोपलीत लपवला. मग खुलली. “तुझा काका! पाहुणे समोर बसलेत, अन् मेल्यानं घेतलं, झोपला! हलवून उठवलं, तर यानं उचललं, म्हणाला — चहा कुठाय?”

वा! एका दमात दोन उदाहरणं.

९ खोर्दाद
सर डोळ्यांत पाणी येईतो हसले. “अजून आणा.” सही नाही.

१४ खोर्दाद
अजून नेलं. “पुढे त्या दिराचं काय झालं?” म्हणे. सर, यात क्रियापद कुठंय?

आईला सगळं सांगून टाकलं. भडकलीच. “परक्या पुरुषाला माझी बडबड ऐकवलीस? लाज नाही वाटली?” भांडी आपटली. मग हळूच — “हसले का गं ते?”

बाबा गेल्यापासून तिनं असं कुणाबद्दल विचारलं नव्हतं. बरं वाटलं.

२३ खोर्दाद
सरांचा फोन. शुक्रवारी घरी येतायत, बहिणीला घेऊन. बहीण कशाला? — अगं बाई! तिला लग्नाचा मुलगा आहे! मला मागणी! नाही म्हटलं तर सही गेली, हो म्हटलं तर मी गेले.

आई केस रंगवून आली. पाहुण्यांसाठी, म्हणे.

शुक्रवार
फुलं, मिठाई, सरांचा नवा कोट. मागणीच! मुलीनं चहा न्यायचा, म्हणून तबक घेऊन निघाले. सरांची बहीण म्हणाली, “तू बस गं बाळा. चहा आईला आणू दे.”

सर कानापर्यंत लाल. मी तबकासकट स्वयंपाकघरात परत.

आई चहा घेऊन आली. तबकात चार पेले, खडीसाखर, माझ्या प्रबंधाचं सहीचं पान आणि पेन.

“आधी हे,” म्हणाली. “मग चहा.”