टायर घसरला नाही

४ जानेवारी १९८७, रविवार
डिसेंबरच्या शर्यतीबद्दल एकदाच लिहितो, मग विषय बंद. विक्रोळीला खाडीकडे एका बंद कारखान्याचा सरळ रस्ता, पाव मैल. आमच्या मोटर क्लबची शर्यत. झेंडा पडला, मी क्लच सोडला आणि माझ्या फियाटची मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरली. धूरच धूर. लाउडस्पीकरवाला म्हणाला, तीन नंबरच्या गाडीने अगरबत्ती लावलेली आहे. सगळे हसले. माझी बायको वसुधाही. आपण दुसऱ्याच कशाला तरी हसलो, असं तिचं म्हणणं. तोवर चंद्रप्रकाश पलीकडे पोचून पाणी पीत होता. हा घाटकोपरचा, बँकेतला. गाडी माझ्यासारखीच, पण इंजिनाला बोटही न लावलेली.
निष्कर्ष : माझं इंजिन जास्त ताकदवान. रस्ता कमी पडला. प्रश्न फक्त ग्रिपचा. पुढची शर्यत २२ फेब्रुवारी. सात आठवडे म्हणजे डोक्यावरून पाणी.

५ जानेवारी
ऑफिस सुटल्यावर भांडुपला गुणाजीच्या गॅरेजात. पंधरा वर्षं माझी गाडी हाच बघतो. त्याला ग्रिपची थिअरी कागदावर काढून दाखवली (ड्रॉइंग ऑफिसात हेड ड्राफ्ट्समन उगाच नाही). त्याने कागद नीट बघितला, हात पुसले आणि म्हणाला, "गाडयेचो काय दोष नाय, साहेबांनू. तुमचो पाय क्लचवरसून धाडकन सुटता. हळू सोडूक व्हयो."
पाय माझा आहे. त्यावर चर्चा नको, असं स्पष्ट सांगितलं.

१० जानेवारी, शनिवार
मागच्या टायरांची हवा सव्वीसवरून सोळावर आणली. टायर बसतो, जास्त रबर रस्त्याला टेकतं. साधं शास्त्र. आज तशीच गाडी घेऊन आरे कॉलनीतून बोरीवलीला. सासरे (अण्णा, वय चौऱ्याहत्तर, आमच्याकडेच असतात) दर शनिवारी तिथे डोळे दाखवतात. वळणावर गाडी छान डुलत होती. अण्णा म्हणाले, कोकणची बोट बंद झाल्यापासून असा प्रवास झाला नव्हता. मग त्यांना उलटी झाली.
संकल्प : शर्यतीपुरतीच हवा कमी. एरवी रोज सकाळी पायपंपाने भरायची. व्यायामही होईल.

१३ जानेवारी
पायपंप बंद. कंबर.

१८ जानेवारी
मागच्या चाकांवर वजन हवं. डिकीत रेतीची चार पोती. फरक लगेच दिसला, गाडीचं नाक वर आलं. संध्याकाळी हेडलाइट थेट तिसऱ्या मजल्यावर. नलिनीबाई गॅलरीत येऊन म्हणाल्या की त्या झोपायच्या खोलीत कपडे बदलत होत्या. मी काही पाहिलं नाही, असं सांगितलं. ते सांगायला नको होतं, असं वसुधाचं मत.

२५ जानेवारी
नवीन प्रयोग. चाकांखाली पाणी ओतायचं, चाकं फिरवायची, रबर तापून चिकट होतं. सोसायटीच्या गेटसमोर केला. झकास चिकट झालं. रस्त्यावर दोन काळे पट्टे, वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिपके. सोसायटीची नोटीस आली. उत्तरात रबराचे गुणधर्म समजावून सांगितले.
वसुधा रात्री जेवताना शांत होती, म्हणजे काहीतरी ठरलेलं. म्हणाली, शाळेत शिकवायला रोज बसने जाते, अण्णांना उलट्या होतात, सोसायटी बोलत नाही. बावीस तारखेला गाडी नीट धावली तर ती कधी अवाक्षर काढणार नाही. नाही धावली तर गुणाजी हे सगळं काढून टाकील आणि किल्ली तिच्याकडे.
कबूल केलं. यात मला धोका कसलाच नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
गाडी सुटताना मागच्या स्प्रिंगचे पाटे पिळवटतात आणि चाक उडतं. हे मी स्वतः शोधलं. गुणाजी म्हणतो त्याला आधीपासून माहीत होतं. मग आधी बोलायचं. त्याने पाट्यांना लोखंडी पट्ट्या आवळून दिल्या.
सकाळी आरेत चाचणी. चाकं जेमतेम हातभर घसरली आणि गाडी सुटली! मी गुणाजीला मिठी मारली. तो खूश नव्हता. म्हणाला, "चाकां घसरत होती म्हणान धक्को निघान जाय. आता तो जातलो खंय?"
मी म्हटलं, चंद्रप्रकाशकडे.

१५ फेब्रुवारी
ऑफिसातून परतताना पट्ट्या स्पीडब्रेकरवर घासतात. ठिणग्या. तरी मनात शंका नाही. क्लच हळू सोडण्याची प्रॅक्टिस करून बघितली, एकदा. गाडी सरळ, गुपचूप निघाली. त्यात मजा नाही. बायकी वाटतं. वसुधाला हे बोललो नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार, रात्री ९
सविस्तर आणि तटस्थपणे लिहितो.
पोती हरकतीत अडकली. डिकीत सुटं सामान चालत नाही म्हणे. नियम वाचला. सोबत एक प्रवासी चालतो. अण्णा बघायला आलेच होते. वजन शहात्तर किलो. मागच्या सीटवर बरोबर चाकांच्या वर बसवले. अण्णा राजी होते, फक्त दरवाजा नीट लागलाय ना विचारत होते.
टायर तापवले. हवा सोळा. शेजारच्या पट्ट्यात चंद्रप्रकाश. झेंडा पडला. मी इंजिन पूर्ण ताणून क्लच सोडला.
टायर घसरला नाही. एक इंचही नाही. ही नोंद महत्त्वाची आहे.
खालून मात्र मोठा आवाज आला. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा क्रॉस, म्हणजे सांधा, तुटला, दांडा रस्त्यावर पडला. गाडी दोन फूट गेली होती.
बाहेर जायचं गेट रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला. मागे गाड्या खोळंबलेल्या. गुणाजीने दांडा वर बांधला आणि ढकलायला लागला. वसुधा दोरी ओलांडून आली, पदर खोचला आणि लागली. चंद्रप्रकाश पलीकडे पोचला होता, तो धावत परत आला. मी स्टिअरिंगवर, कारण कोणीतरी हवंच. अण्णांना उतरा म्हटलं तर म्हणाले, मला प्रवासी म्हणून बसवलंय. मग त्यांनी दोन्ही बाजूंच्या लोकांना हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डिसेंबरमध्ये टाळ्या नव्हत्या.
गेटपाशी वसुधाने धापा टाकत हात पुढे केला. मी किल्ली दिली.

१ मार्च
पट्ट्या काढल्या. हवा सव्वीस. रेती सोसायटीच्या बागेत. वसुधा काल अण्णांना घेऊन बोरीवलीला गेली, उलटी नाही.
क्लबचा छापील निकाल आला. घड्याळवाल्याला कोणी थांब म्हटलंच नव्हतं, त्याने आम्ही टोक ओलांडेपर्यंत वेळ चालू ठेवली. शेवटचा क्रमांक : सहा मिनिटं बारा सेकंद.
हे चूक आहे. मध्यावर वसुधाच्या चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा गाडी थांबवावी लागली होती. ते गाडीच्या खात्यात कसं धरतात? क्लबला तक्रार पाठवली. चार सेकंद वजा करावेत.

१५ मार्च
क्लबचं पत्र. तक्रार मान्य. सुधारित वेळ सहा मिनिटं आठ सेकंद, क्रमांक तोच. लढल्याशिवाय काही मिळत नाही.
पत्र वसुधाला दाखवलं. ती वह्या तपासत होती. वाचून म्हणाली, "चार कसले? नऊ तरी असतील. एका पायावर मी उभी होते."
उद्या क्लबला पुन्हा लिहितो.