खड्यातला ढग

३ फेब्रुवारी
लेकीचं लग्न महिनाअखेरीस, रजिस्टर पद्धतीने. त्या दिवशी तिला आईची हिऱ्याची अंगठी घालायची आहे. ही गेली तेव्हापासून डबी माझ्या कपाटात आहे. म्हटलं, देईन, पण आधी पारख. सदोष वस्तू मी लेकीला देणार नाही. ती म्हणाली, आईने जन्मभर घातली की. हा काही पुरावा नव्हे.
नोकरीभर नकाशे काढले. हिऱ्याचा कट म्हणजे शेवटी कोनच. आठवड्यात उरकतो.

५ फेब्रुवारी
भिंग आणि चिमटा आणला. पुस्तक वाचलं. उत्तम कटचा हिरा वरून आलेला प्रकाश आत खेळवून वरच परत देतो. कट बिघडला तर प्रकाश बुडातून गळतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. सोपं आहे. लोक उगाच बाऊ करतात.
डबीला हिच्या हँड क्रीमचा वास येतो. वासाचा कटशी संबंध नाही. नोंद आपली असावी म्हणून.

८ फेब्रुवारी
खड्यात खालच्या बाजूला पांढुरका ढग. निसर्गदत्त दोष. ग्राफ पेपरवर खड्याचा नकाशा काढायला घेतला. लेकीचा फोन. झालं का? म्हटलं, ढग निघालाय. म्हणाली, मग छत्री घेऊन बसा.

११ फेब्रुवारी
नजर आता तयार होत आहे. जिन्यात वरच्या मजल्यावरची बाई भेटली. तिच्या बोटाकडे पाहून सहज सांगितलं, कट उथळ आहे, प्रकाश गळतो. साखरपुड्याची अंगठी निघाली. संध्याकाळी तिचा नवरा समोरून आला आणि मान न हलवता गेला. तज्ज्ञांना हे सोसावंच लागतं.

१३ फेब्रुवारी
फुंकर-परीक्षा. खऱ्या हिऱ्यावर फुंकर मारली की वाफ लगेच उडते. आपल्या खड्यावर रेंगाळली. पुन्हा मारली. पुन्हा रेंगाळली.
काच?
अंगठी मेहुण्याच्या ओळखीच्या दुकानातून घेतली होती. हिला तीच आवडली. मेहुण्यावर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता.

१४ फेब्रुवारी
मेहुण्याला बोलावलं. चहा दिला, मग संशय सांगितला. तो इतका हसला की बशीत चहा सांडला. म्हणाला, ताईने त्या दुकानदाराला दिवसभर पिळून काढला होता, तिला काच विकणारा अजून जन्माला यायचाय. मी नकाशा दाखवला. त्याने उलटा धरून पाहिला. जाताना दारात म्हणाला, "भावोजी, द्यायची नसेल तर तसं सांगा. पोर समजून घेईल."
कशाचा कशाला पत्ता नाही.

१८ फेब्रुवारी
सराफाकडे गेलो. काउंटरवरच्या बाईंना पैलूंबद्दल चार गोष्टी समजावल्या. त्यांनी ऐकून घेतल्या. म्हणाल्या, अंगठी ठेवून जा, उद्या सांगते. ठेवून? रात्रभर? परक्यांच्या तिजोरीत? म्हटलं, बघतो. परत आलो. वाटेत खिसा चाचपत होतो.

२२ फेब्रुवारी
निष्कर्ष लिहायचा होता, पण आभाळ भरलेलं. अशा उजेडात निकाल देणं अन्यायाचं. रोज सकाळी खिडकीशी भिंग लावून बसतो. ढग जागच्या जागी आहे. आता त्याची सवय झाली. एका कडेला बोट टेकल्यासारखा दिसतो. शास्त्रीयदृष्ट्या याला महत्त्व नाही.

२५ फेब्रुवारी
लेक न सांगता आली. म्हणाली, बाबा, अंगठी द्या. म्हटलं, तपासणी अपुरी आहे. तिने टेबलावरून उचलली, खिडकीकडे धरली, उलटी करून पाहिली आणि स्वयंपाकघरात गेली. मी चष्मा शोधून पोहोचेपर्यंत अंगठी कोमट पाण्याच्या वाटीत होती. भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश.
"बाबा, हे सगळं क्रीम आहे. आई अंगठी न काढताच लावायची ना. मागून पार भरलंय बघा."
पाणी पांढुरकं झालं. ओतू नकोस म्हणणार होतो. इतके दिवस हवं तेव्हा कारण सुचत होतं. नेमकं आज सुचलं नाही. ती ओतून मोकळी झाली.
अंगठी पुसून तिने माझ्या तळहातावर ठेवली. छतावर ठिपके नाचायला लागले. मी भिंग लावलं. ढग नव्हता. काहीच नव्हतं.
म्हटलं, घेऊन जा.

२८ फेब्रुवारी
लग्न लागलं. सही करताना लेकीच्या बोटावर खडा असा चमकला की रजिस्ट्रारनेही मान वर केली. मेहुण्याने कोपराने ढोसलं. काय भावोजी, कट कसा? म्हटलं, उत्तम. प्रकाश कुठेच गळत नाही. तो या वेळी हसला नाही.
घरी आलो. नकाशा आता चुकीचा ठरला आहे. फाडणार होतो, पण कागद चांगल्या प्रतीचा आहे, म्हणून ठेवला.
हिच्या क्रीमची ट्यूब बाथरूमच्या फळीवर अजून आहे, अर्धी. हल्ली माझे हात फार कोरडे पडतात. आज थोडं लावलं.
केवळ कोरडेपणासाठी.