शू अजून पेन्सिलीतच

बाबा, तुमचा चीनचा नकाशा माझ्याकडे आहे. इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला, स्वयंपाकघरातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये, मिक्सर आणि ओव्हनच्या कागदांखाली. ट्रेसिंग पेपर पिवळा पडलाय, एका घडीवर फाटलाय.

मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही तो काढलात. वर्षभर शाळेत घडलेला इतिहास शिकवायचा, म्हणून सुट्टीत न घडलेला, असं म्हणायचात. तांग घराणं कोसळलं, चीनचे तुकडे झाले. पुढे ते कुणी जोडलेच नाहीत असं धर, म्हणालात. मग दुपारभर आपण बाहेरच्यांना आत आणत बसायचो. उत्तरेकडून खितान घोडेस्वार, पश्चिमेकडून तिबेटी. दक्षिणेच्या बंदरांत मी हट्टानं चोळांची गलबतं घुसवली. "आपली माणसं म्हणून होय?" तुम्ही हसलात, पण येऊ दिलीत. सीमा मात्र पेन्सिलीनं काढायची, हा तुमचा नियम. जिंकलेल्या मुलखातली पोरं आईकडे नव्या राजाच्या भाषेत भात मागायला लागली, की मग शाई. तोवर राज्य जिंकलं म्हणायचं नाही.

डोंगरांनी वेढलेलं शू नावाचं राज्य मी तिबेटला दिलं आणि लगेच पेननं सीमा गिरवली. तुम्ही दाढीचं पातं आणलंत, कागद फाटू न देता शाईची रेघ खरवडलीत आणि पेन्सिलीनं पुन्हा काढलीत. "राणीसरकार, सैन्य पोचलंय. आयांना अजून कुणी विचारलेलं नाही." दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. पुढे इकडे यायला निघाले तेव्हा तुम्ही नकाशा माझ्या बॅगेत ठेवलात, दोन साड्यांच्या मध्ये. म्हणालात, "शू राहिलंय."

आज दुपारी लेकीला तो सापडला. चौदा वर्षांची आहे आता. चिकटपट्टी शोधत होती. बाहेर बर्फ पडतोय, शाळा बंद, मीही घरूनच काम करतेय. जेवायला बसल्यावर ती टेबलावर ताटाशेजारी नकाशा पसरते, हातानं घड्या सपाट करते, तुमच्यासारख्याच, मधून कडेला.

"आई, धिस नेव्हर हॅपन्ड, राइट?"

"नाही. आजोबांचा खेळ होता."

"देन व्हाय इज धिस वन स्टिल इन पेन्सिल?"

मी तिला नियम सांगते. ती शूच्या रेघेवरून बोट फिरवते. "ओके. दॅट्स अ गुड रूल," म्हणते, आणि ताट पुढे करते. "कॅन आय गेट मोअर राइस?"

मी वाढते.

तुमचा शेवटचा फोन हॉस्पिटलमधून आला होता. त्याला अकरा वर्षं झाली. आवाज खोल गेला होता. तब्येतीचं विचारू दिलं नाहीत. "पोरगी भात कशात मागते गं?" मी म्हटलं, मराठीत. "म्हणजे पेन्सिलच," म्हणालात, आणि हसलात, खोकला येईपर्यंत. तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. मी पोचले तेव्हा घरात तुमचा चष्मा तेवढा होता.

हे पत्र नकाशाच्या घडीत ठेवतेय. ती तेव्हाही राइसच म्हणायची, बाबा. डे-केअरला जायला लागून वर्ष झालं होतं. तुम्ही हसावं म्हणून मी 'मराठीत' असं सांगितलं. आज ती वर खोलीत गेल्यावर शूची पुसट झालेली रेघ मी पुन्हा गिरवली. पेन शेजारीच होतं. पेन्सिलीला टोक करून घेतलं.