मी तिला एकटीच आत बोलावलं

बाबा, मागच्या आठवड्यात मी एका बाईची नोकरी घालवली. तुम्ही असतात तर हे सांगायची माझी हिंमत झाली नसती.

मी कॉलेजात होते तेव्हाची एक सकाळ आठवते. आई पोहे परतते आहे, तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून मिलमधल्या एका कामगाराला त्याची नोटीस मोठ्याने वाचून दाखवता आहात. युनियनचे सेक्रेटरी म्हणून तुमच्याकडे असे लोक रोजच यायचे. "अकेले मत जाना, मैं साथ बैठूँगा," तुम्ही त्याला बजावलंत. तो गेल्यावर मी शहाणपणा केला, की चूक केली नसेल तर माणसाला सोबत कशाला लागते? तुम्ही पोह्यांची बशी खाली ठेवलीत. "साहेबासमोर एकदा एकटी बसून बघ, मग बोल," म्हणालात आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. मला तुमचा भयंकर राग आला होता.

आता साहेबाच्या बाजूला मीच बसते. नानाखेड्याच्या बसस्टँडवरून कंपनीची बस पकडते आणि बिस्किटांच्या कारखान्यात कामगारांच्या तक्रारी, चौकश्या बघते. आई नातेवाइकांना कौतुकाने सांगते, "बाबांचंच काम करून राहिली आहे." मी तिला कधी अडवलं नाही.

पॅकिंगमधल्या त्या बाईवर चालू मशीन सोडून गेल्याचा ठपका होता. तिचं म्हणणं, सुपरवायझरला सांगून गेले होते. चौकशीत सोबत एक सहकारी आणायचा तिला हक्क होता, आणि तिने तसं विचारलंही. पण मॅनेजरला प्रकरण लवकर मिटवायचं होतं. मी तिला म्हटलं, ही चौकशी नाहीच, नुसतं बोलणं आहे. चूक कबूल असल्याचा कागद पुढे केला. वॉर्निंग देऊन सोडतील, असंही सांगितलं. मला खरंच तसं वाटत होतं का, हे आता माझं मलाच कळत नाही. दुसऱ्या दिवशी तिला काढलं.

अजून तिला अपील करता येईल. मी एवढंच लिहून द्यायला हवं, की तिला कुणाला सोबत आणू दिलं नाही. मग कदाचित माझीही नोकरी जाईल. तेच लिहायला कागद घेऊन बसले होते, आणि त्यावर तुम्हालाच लिहीत सुटले. हे पत्र तर कुठे जाणारच नाही. तिच्यासाठीचं ते लिहून जाईल का, सांगता येत नाही.

एक सांगायचं टाळत होते. ती सही करेना, कागद परत सरकवत होती. तिचे सासरे तुमच्या मिलमध्ये होते, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी तुमचं नाव घेतलं. "मैं उन्हीं की बेटी हूँ," म्हटलं, आणि तिने न वाचता सही केली.