डावीकडे जाणारा रणगाडा

रविवार, ९ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही ठीक. तुझा गुडघा काय म्हणतो? फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू माझ्या आवाजावरून सगळं ओळखतेस, म्हणून पत्र.

बातमी अशी की तुझ्या भावाने बावन्नाव्या वर्षी रणगाडा घेतला. हसू नकोस. रिमोटवर चालणारा, हातभर लांब, तोफ अगदी खऱ्यासारखी फिरवणारा. आठवडाभर क्रेनच्या केबिनमध्ये एकटा टांगलेला असतो, सुट्टीला काहीतरी विरंगुळा हवा म्हणून आणला. बायको म्हणाली, "आधी घरातली लढाई जिंका!" आता मला सेनापती म्हणते.

शिकणं सोपं नाही बरं का. गाडीसारखं स्टिअरिंग नसतं. रिमोटला दोन दांड्या असतात, डावी चाकांवरच्या डाव्या पट्ट्याची, उजवी उजव्याची. दोन्ही अंगठे सारखे रेटले तर स्वारी सरळ जाते, एक पट्टा मागे पडला की त्या बाजूला वळते. दुकानदाराने बजावलं होतं, आधी सपाट फरशीवर चालवा, पट्ट्यात केस-धागे अडकू देऊ नका. सगळं पाळलं. फरशीच्या रेघेवर धरला, तर डावीकडे जाऊन कपाटावर आपटला. पुन्हा धरला, पुन्हा कपाट. पट्टे घट्ट केले, चाकं पुसली, तरी तेच.

तसाच उचलून दुकानात नेला. दुकानदाराने या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतासारखा सरळ चालवून दाखवला. म्हणाला, "काका, नाचता येईना अंगण वाकडं!" मीही हसलो.

घरी आल्यावर मी हातांची अदलाबदल केली. डावा अंगठा उजव्या दांडीवर, उजवा डावीवर. ताई, रणगाडा उजवीकडे गेला.

मी खोलीचं दार लावून घेतलं. मागे पडत होता तो पट्टा नव्हे, माझा डावा अंगठा.

बाबांचाही आधी डावाच हात गेला होता ना? शिवताना हातातून कापड निसटायला लागलं. मग ते गुडघ्याखाली दाबून शिवायला लागले आणि आपल्याला वाटलं, नवी पद्धत काढली. पुढची सहा वर्षं त्यांना घास कुणी भरवला, हे मी तुला सांगायला नको. मी तेव्हा नोकरीचं निमित्त करून निघून गेलो. निमित्तच होतं ते. तो हात मला बघवत नव्हता.

आज सकाळी रणगाडा सरळ गेला. उजवा अंगठा थोडा आखडता घेतला आणि जमलं. शाबास सेनापती, असं मीच मला म्हणालो, आणि पुढच्याच क्षणी क्रेन आठवली. क्रेनवर मी किती महिन्यांपासून असंच जमवून घेतोय? तिथे क्रेन फिरवायची दांडी डाव्या हातात असते. मागच्या मंगळवारी सळयांचा गठ्ठा थांबायच्या जागी थांबला नाही, वीतभर पुढे गेला. खाली दोघं उभे होते. एकाचं हेल्मेट पडलं, तो शिव्या घालत बाजूला झाला. मी वाऱ्यावर ढकललं. ताई, त्या दिवशी वारा नव्हता.

उद्या वर चढणार नाही. शिडीपाशी न जाता साहेबांच्या खोलीत जाईन आणि सांगेन की हात डॉक्टरांना दाखवतो, तोवर मला खालचं काम द्या. कदाचित नस दबली असेल, कदाचित काहीच नसेल. पण मला भीती वाटते. रात्री नाही, भरदिवसा जेवताना वाटते. चमचा उजव्या हातात असतो आणि मी डाव्याकडे बघत राहतो.

बायकोला अजून काही बोललेलो नाही. तिने बाबांना पाहिलेलं नाही. ती विचारेल, पुढे काय होतं? ते मला सांगता येणार नाही, कारण मी ते बघितलंच नाही. तू बघितलंस.

तुला ये म्हणायचा मला हक्क नाही. तू बोलावत होतीस तेव्हा मी आलो नव्हतो. तरी म्हणतो, ये.

तुला एकटीला टाकून पळालेला,
तुझा धाकटा