टॉफीच्या डब्यातला शिक्का

४ जानेवारी

उघडला एकदाचा फॉर्म! दोन वर्षं पुढे ढकलत होते. अभियंता संघाला परवान्यासाठी काय काय हवंय — चार वर्षांत कुठलं काम केलं, कधी केलं, ते आपल्या नजरेखाली झालं अशी वरिष्ठाची सही, आणि वर नीतिमत्तेची परीक्षा! कोरी म्हणाला, "फ्रिजमधला माझा केक कुणी खाल्ला, हे विचारणार आहेत का?" नवरा म्हणून असा माणूस पत्करला मी.

परीक्षा ८ फेब्रुवारीला.

६ जानेवारी

ओरेस्टकाका आज ॲरिझोनाला पळाले. दर जानेवारीला बायकोला गाडीत बसवतात आणि मार्च संपेपर्यंत तिकडे उन्हात. मागे ऑफिसात मी, हीटर आणि बाहेर सस्कॅचवानचे उणे एकतीस. बाबांचे जुने मित्र, मला फ्रॉकमध्ये असल्यापासून बघितलेलं, त्यामुळे साहेब म्हणायला जीभच वळत नाही.

जाताना नेहमीचा टॉफीचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. आत त्यांचा शिक्का, सहीचा रबरी ठसाही त्यातच. "अडलं तर फोन कर. नाहीतर मार शिक्का, पोरी." तीन हिवाळे असंच चाललंय. मी आराखडा काढते, फोनवर सांगते, ते "ठीक" म्हणतात, मी त्यांच्या नावाने ठोकते. आजवर कुणाचं काही बिघडलं नाही.

९ जानेवारी

अभ्यासाचं पुस्तक उघडलं. सरावप्रश्न एक्केचाळीस: ज्येष्ठ अभियंता परगावी जाताना आपला शिक्का हाताखालच्या व्यक्तीकडे ठेवतो, ती तो वापरते. दोष कुणाचा?

खो खो हसले. आमच्या ऑफिसात येऊन लिहिलाय की काय! मग मागे उत्तर पाहिलं. दोघांचाही.

पुस्तक मिटलं. वाटीभर बोर्श्ट, बिटाचं सूप, प्यायले. परत उघडलं. उत्तर तेच.

१० जानेवारी

डबा कपाटात ठेवला. कपाटाला काचेची दारं आहेत, हे लक्षातच नव्हतं.

१५ जानेवारी

कर्लिंग क्लबच्या व्हर्नाबाई येऊन गेल्या. अध्यक्ष आहेत. बर्फावर दगड घसरवायचा आणि दोघींनी त्याच्यापुढे जिवाच्या आकांताने झाडू मारत पळायचं, यात या बाईंची हयात गेली. क्लबच्या उंच इमारतीला लागून बुटकी नवी खोली बांधायची आहे. लोखंड आलंय, माणसं ठरलीत, फेब्रुवारीअखेर स्पर्धा. नगरपालिकेला शिक्का मारलेला आराखडा शुक्रवारी हवा. माझा आराखडा तयार आहे. शिक्का मारायला दोन सेकंद लागतात.

"काय गं टॅनिस, तोंड का उतरलंय?" म्हणाल्या. अभ्यासाने, म्हटलं.

१७ जानेवारी

काकांना फोन केला. सकाळपासून चार वेळा उचलून ठेवला होता. म्हटलं, आराखडा पाठवते, तुम्ही बारकाईने तपासा, शिक्का मात्र मी नाही मारणार. यापुढे कधीच नाही.

पलीकडे कुणीतरी तलावात पोहत असल्याचे आवाज. मग काका म्हणाले, "तीन वर्षं मारलास तेव्हा हात दुखला नाही?"

मी म्हटलं, दुखायला हवा होता.

फोन आपटला त्यांनी! ज्यांनी मला पदवी मिळाली त्या दिवशी माझ्या करंगळीतल्या, अभियंत्यांना मिळणाऱ्या लोखंडी अंगठीकडे बघत डोळे पुसले होते, त्यांनी. रडले मी. कळला आज माणूस.

१८ जानेवारी

व्हर्नाबाईंना सांगितलं, शुक्रवारी जमणार नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बाहेरचे उणे एकतीस परवडले. दुपारपर्यंत अख्ख्या गावाला माहीत. कॉफीच्या दुकानात बाई म्हणाली, "तूच का ती, स्पर्धा बुडवणारी?" आणि कॉफी अर्धाच कप दिली.

काकांचा फोन नाही.

२१ जानेवारी

सकाळी ऑफिसचं दार उघडलं आणि आत ओरेस्टकाका. अर्ध्या चड्डीत! वर जाडजूड पार्का कोट, खाली उघडे गुडघे. तीन दिवस गाडी हाकत आले, काकूला तिकडेच ठेवून. पँट आणायची राहिली म्हणे.

फोनबद्दल एक अक्षर नाही. "आराखडा." एवढंच. चष्मा लावून बसले. दोन तास. मला वाटलं, आता "ठीक" म्हणून ठोकतील आणि मला हाकलतील. तर बोट खोलीच्या छपरावर ठेवलं.

"वरच्या छपरावरचा बर्फ वारा कुठे नेऊन टाकतो?"

खालच्या छपरावर! उंच भिंतीशी! तिथे ढीग साचतो, सपाट बर्फाच्या तिप्पट वजन. मी सगळीकडे सारखंच धरलं होतं.

"सस्कॅचवानमध्ये जन्मलीस की हवाई बेटांवर?" म्हणाले. ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. शुक्रवारी मी शिक्का मारला असता. फेब्रुवारीत त्या खोलीत व्हर्नाबाई झाडू घेऊन उभ्या असत्या.

दुपारभर तुळया नव्याने मोजल्या. त्यांनी तपासलं, मग स्वतःच्या हाताने शिक्का, स्वतःच्या हाताने सही.

२६ जानेवारी

काका म्हणाले, तिन्ही हिवाळ्यांच्या फायली काढ. एकोणीस आराखडे. पाच दिवस जेवणाच्या वेळाही पेरोगी तोंडात आणि डोळे कागदावर. अठरा ठीक. एका शेतकऱ्याच्या यंत्रांच्या शेडला एक खांब कमी. काका स्वतः जाऊन त्याला सांगून आले. चूक माझी होती, पण मला गाडीतच बसवलं.

संध्याकाळी टॉफीचा डबा काखोटीला मारून घरी घेऊन गेले. आता विश्वास नाही, असंच ना? बरोबरच आहे म्हणा.

३ फेब्रुवारी

फॉर्म अडलाय. त्या तीन हिवाळ्यांचं काय लिहू? "वरिष्ठांच्या नजरेखाली" लिहिलं तर नीतिमत्तेच्या परीक्षेला बसायचं तेच खोटं बोलून. खरं लिहिलं तर ते महिने बाद, परवाना लांबला — आणि काकांवर चौकशी. एक्केचाळीस वर्षांचं नाव! तेही माझ्या हाताने.

कोरीला विचारलं. पहिल्यांदाच विनोद केला नाही त्याने. त्यानेच घाबरले.

८ फेब्रुवारी

परीक्षा घरून. कॅमेऱ्यातून कुठलीशी बाई सारखी बघणार. टेबल रिकामं, भिंती रिकाम्या, कान दाखवा, बाह्या दाखवा. सगळं दाखवलं आणि मांजर टेबलावर चढलं. बाईने विचारलं, याच्या पट्ट्यावर काही लिहिलंय का? कॅमेऱ्याला पट्टा दाखवला. "बंड्या" एवढंच होतं.

शंभरावर प्रश्न. शिक्क्याचा आलाच. हा मी न वाचताही सोडवला असता.

२ मार्च

पास!!! कोरीने केक आणला, माझ्यासमोर मोजून अर्धा केला.

४ मार्च

लिहिलं. तिन्ही हिवाळे, शिक्का कुणी मारला, सगळं. पाठवण्याआधी काकांपुढे कागद ठेवला. त्यांनी पूर्ण वाचला, चष्मा काढला.

"तारखा नीट लिही," म्हणाले. बस. उठून कॉफी ओतायला गेले. मला वाटलं होतं रागावतील, निदान बोलतील तरी.

दुपारी पाठवला. जेवण गेलं नाही.

१९ मार्च

संघाचं पत्र. परवाना मंजूर, ते महिनेही धरलेत. खाली लिहिलंय, तीन हिवाळ्यांची बाब आमच्याकडे आधीच नोंदली आहे, श्री. ओरेस्ट वासिलेन्को यांनी स्वतः कळवली. सोबत त्यांच्या पत्राची प्रत: "दोष माझा. आज तिने शिक्का मारायला नकार दिला, तो माझ्या परवान्याहून मोठा आहे. हे तिच्या आड येऊ देऊ नका. मी घरी निघालो आहे."

ॲरिझोनाहून टाकलेलं. तारीख, १७ जानेवारी.

मागची पानं उलटली. १७ जानेवारी. माझ्याच अक्षरात लिहिलंय — कळला आज माणूस.